शब्दांतले आकडे आणि हरवणारी साक्ष

१/ इतिहासाच्या साधनांत आकडा पुष्कळदा आकड्याच्या रूपात येत नाही. तो शब्दांत, संक्षेपात किंवा संकेतात दडलेला असतो. अशा अक्षरमालेचा पूर्णांक करणे हे केवळ संगणकतज्ज्ञाचे काम समजले जाते. वस्तुतः ते इतिहासाभ्यासकाचेही काम आहे. ते निष्काळजीपणे झाले तर अस्सल साधनच खोटी साक्ष देऊ लागते.

२/ भास्कराचार्यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचे विज्जडवीड म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात. इतर काही ते चाळीसगावजवळील पाटणच्या परिसरात शोधतात. ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी आपले जन्मवर्ष भूतसंख्यांनी सांगितले आहे : रस म्हणजे ६, गुण ३, पूर्ण ०, मही १.

३/ हे अंक डावीकडून वाचले तर ६३०१ होतात. पण भूतसंख्यांचा नियम उलट आहे. त्यात एकक आधी येतो. म्हणून खरे वर्ष शके १०३६, अर्थात इ. स. १११४. अक्षरे तीच, केवळ वाचनाची दिशा चुकली, तरी ५२६५ वर्षांची तफावत पडते.

४/ माजलगावचे दफ्तर हे दुसरे उदाहरण. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील महसुली कागदांत फसली सन चाले. फसली १३५७ म्हणजे इ. स. १९४७-४८. हा आकडा यंत्राने अचूक उचलला, पण सनाचे नाव गाळले, तर निजामाच्या अखेरच्या वर्षांतला कागद थेट बहमनी काळात जाऊन बसतो.

५/ यंत्राची रीत साधी आहे. आतापर्यंतच्या संख्येला १० ने गुणावे आणि पुढचा अंक मिळवावा : १, १३, १३५, १३५७. मात्र यंत्राच्या भांड्याला काठ असतो. ६४ बिटांच्या ‘अनसाइन्ड’, म्हणजे ऋणचिन्ह नसलेल्या पूर्णांकात जास्तीत जास्त १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ मावते. बुद्धिबळाच्या पटावर घरोघर दुप्पट होत जाणाऱ्या दाण्यांची एकूण बेरीजही हीच. ‘लीलावती’तील परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये, या भांड्यात सहज मावतो.

६/ या कमाल संख्येत आणखी एक मिळवला, की उत्तर शून्य येते. म्हणून मर्यादेची तपासणी गुणाकारापूर्वी व्हावी, नंतर नव्हे. ‘सी’ भाषेतील प्रमाण फंक्शनला ‘उणे एक’ ही अक्षरे दिली, तर ते तक्रार न करता हीच कमाल संख्या परत करते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम मांडले. त्यांतील ऋणाला या भांड्यात जागाच नाही.

७/ मराठी अभ्यासकाला अधिक सलणारी गोष्ट निराळी आहे. त्याच फंक्शनला देवनागरीतील ‘१३५७’ दिले, तर उत्तर शून्य मिळते, कारण त्याला त्यात एकही अंक ओळखता येत नाही. पायथन भाषा मात्र ते बिनचूक वाचते. शून्य हे येथे उत्तर नसून अज्ञान आहे. पण तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

८/ स्प्रेडशीटचीही तीच गत. पंधरा अंकांपलीकडे नेहमीची स्प्रेडशीट पुढचे अंक शून्य करून टाकते आणि क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गाळते. हस्तलिखिताचा दाखलक्रमांक ‘००४२’ असेल, तर तो ‘४२’ होतो आणि मूळ बाड शोधणारा वाट चुकतो. दाखलक्रमांक ही संख्या नव्हेच; ती नाममुद्रा आहे, तिची बेरीज कोणी करत नाही. तिला अक्षरांतच राहू द्यावे.

९/ यावर कोणी म्हणेल, आकडा केल्यावाचून कालक्रम लागत नाही, तुलना होत नाही. हे खरेच आहे. आक्षेप रूपांतराला नाही. रूपांतर झाल्यावर मूळ अक्षरे पुसण्याला आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११० मानला जातो आणि त्यावर विद्वानांत वाद आहे. वाद घालता येतो, याचे कारण पोथ्यांतील शब्द आजही तपासता येतात. हाती केवळ ‘११८८’ हा आकडा उरला असता, तर तपासायला काय राहिले असते?

१०/ म्हणून गावोगावचे शिलालेख आणि कागद संगणकात भरणाऱ्या तरुणांनी तीन रकाने ठेवावेत : मूळ पाठ जसाच्या तसा, वाचनाचा नियम, आणि त्यातून निघालेला पूर्णांक. पाठ वाचता आला नाही तर तिसरा रकाना रिकामा सोडावा. तेथे शून्य लिहू नये. रिकामी जागा पुढच्या अभ्यासकाला बोलावते. चुकीचा आकडा त्याला दारातूनच परत पाठवतो.