ड्रायव्हर की फुकटचा हमाल?

नऊ वर्षं सांगली ते सातारा हॉटेलांच्या मालाचा टेम्पो चालवतोय. लोक म्हणतात, ड्रायव्हरचं काय, बसून काम! मग हिशोब ऐका. परवा हायवेच्या एकाच हॉटेलात ५० किलोची ८ पोती मैदा आणि १५ किलोचे २० तेलाचे डबे उतरवले. ७०० किलो झाले. तेही मागच्या दारानं, जिना चढून. असली हॉटेलं पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत दिवसाला दहा.

वाराई मागितली की मालक म्हणतो, "पगारात आलं सगळं." कसं आलं? पगार गाडी चालवायचा ठरलाय. आपल्याच पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील माथाड्यांसाठी लढले, १९६९ ला माथाडी कायदा झाला. ओझं उचलणं हे वेगळं काम आणि त्याची मजुरी वेगळी, हे महाराष्ट्रानं तेव्हाच मान्य केलं. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास लिहिले होते. मी पहाटे चारला मार्केट यार्डात गाडी भरायला लागतो, घरी रात्री नऊला. शेवटच्या फेरीला क्लच दाबताना कमरेतनं कळ येते. त्याच हायवेला तुमची पोरंबाळं गाडीत असतात, हे पण ध्यानात घ्या.

हॉटेलवाल्यांनो, एजन्सीवाल्यांनो, बिलात हमाली धरा, नाहीतर सोबत माणूस द्या. सोमवारपासून माझा माल फाळक्यापर्यंतच. आत न्यायला तुमचा माणूस उभा करा.

बाकीचे ड्रायव्हर बंधू काय करणार, खाली लिहा.