विश्वाला सुरुवात होती का? नारळीकरांचा वाद आजही का महत्त्वाचा?
विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला, हे २० मे २०२५ रोजी निधन झालेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी कधीच मान्य केलं नाही.

विश्व प्रसरण पावतंय, यावर वाद नव्हता. पण फ्रेड हॉईल यांच्या 'स्थिर स्थिती' सिद्धांतानुसार ते अनादि आहे. प्रसरणाने मोकळी होणारी जागा नवं द्रव्य भरून काढतं.

१९६५ मध्ये सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला. तप्त सुरुवातीची ही खूण मानली गेली आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकरांनी सुधारित सिद्धांत मांडला. बहुतेकांनी तो स्वीकारला नाही.

मार्च २०२५ मध्ये 'डेसी' प्रकल्पाने प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा क्षीण होत असल्याचे संकेत दिले. त्यामुळे नारळीकर बरोबर ठरत नाहीत. पण प्रचलित चित्रही अंतिम नाही. निकाल बहुमत नव्हे, निरीक्षणं देतात.