तक्रार घ्या, धर्म विचारू नका

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. पोलीस आयुक्त, मिरा-भाईंदर, वसई-विरार



२३ नोव्हेंबर २०२० रोजी वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्यातल्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा पुरुष मारहाण करतो, तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो, असे तिने लिहिले होते. पुढे तक्रार मागे घेत असल्याचे तिनेच लिहून दिले आणि प्रकरण मिटले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, तो नोव्हेंबरात उघडकीस आला. दोघांचे धर्म वेगळे होते; त्यानंतर १३ डिसेंबर २०२२ रोजी शासनाने आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. टीका होताच ‘आंतरजातीय’ गळाले, ‘आंतरधर्मीय’ तेवढे राहिले. नोंदणी झालेली वा न झालेली, प्रार्थनास्थळी लागलेली, पळून जाऊन केलेली अशा सगळ्या लग्नांची माहिती समितीने मिळवायची, असे ठरले.

तिने संरक्षण मागितले होते. शासनाने मात्र इतरांच्या लग्नांची मोजदाद आरंभली.

तिच्यासाठी नव्या समितीची गरजच नव्हती. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार तक्रार कानावर येताच पोलिसाने तिला संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती द्यायची असते. जोडीदाराचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या कलमात कुठेही नाही. तक्रार मागे घेतली होती, हा खुलासा आम्ही ऐकला आहे. पण मार खाणारी बाई तक्रार मागे का घेते, हे ठाण्यातल्या साध्या हवालदारालाही ठाऊक असते. अशा वेळी तिला एकटी पडू न देण्यासाठीच कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद निर्माण केले.

आता अधिकाराच्या मर्यादेबद्दल. राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांसाठी त्यावर बंधने येऊ शकतात. एखाद्या कुटुंबाची नाराजी त्यांत बसत नाही. शिवाय ही बंधने कायद्यानेच घालावी लागतात. उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री संशयिताच्या घरी जाऊन पाहणी करत, तेव्हा १९६२ साली खडक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा रद्द केली, कारण पोलीस नियमावलीच्या त्या तरतुदीला कायद्याचा आधार नव्हता. ही समिती नेमणाऱ्या शासन निर्णयाचे वजन त्याहून जास्त कसे असेल? कायदा करूनही प्रश्न सुटत नाही: २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगी आयुष्यात शिरणाऱ्या कायद्यालाही आपला हेतू आणि प्रमाण सिद्ध करावे लागते. २०१८ मध्ये केरळच्या एका सज्ञान तरुणीचे उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेले लग्न सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. जोडीदार निवडणे हा तिचा हक्क आहे, असे न्यायालयाने बजावले.

आपल्या मातीत ही मर्यादा नवी नाही. पोर्तुगीज अमलात इथल्या रयतेने धर्मात ढवळाढवळ करणारी सत्ता अनुभवली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तहाच्या अटींत ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक होती. लढून जिंकलेल्या सत्तेने जे मान्य केले, ते नागरिकांच्या करावर चालणाऱ्या कार्यालयाला जड का जावे?

मुलीशी बोलणे तुटलेल्या आईबापांची घालमेल आम्हाला कळते. समुपदेशन जरूर ठेवा. ते तिने मागितले तर आणि धर्म न पाहता द्या. स्वधर्मातल्या, स्वजातीतल्या नवऱ्याकडूनही बायका मार खातातच.

म्हणून आमच्या मागण्या:

१. केवळ धर्म वेगळे आहेत म्हणून कोणत्याही जोडप्याची माहिती गोळा करू नये. गोळा केली असेल तर ती नष्ट करावी आणि तसे जाहीर करावे.

२. विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये आलेली नोटीस कार्यालयाच्या फलकावर लावायची असते. तिच्या आधारे कुणाच्या घरी पोलीस पाठवू नयेत. आक्षेप कलम ४ च्या अटींवरच घेता येतो आणि त्या अटींत वेगळा धर्म हा अडथळा नाही.

३. शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने धमक्या येणाऱ्या जोडप्यांसाठी सांगितलेला विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा यांची पालघर जिल्ह्यातली आजची स्थिती प्रसिद्ध करावी.

४. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत व हिंदीत लावावा. हिंसाचाराची तक्रार मागे घेण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याने तक्रारदार स्त्रीशी एकांतात बोलावे आणि तशी नोंद ठेवावी.

चौथ्या मागणीला ना नवा कायदा लागतो ना मंत्रिमंडळाची बैठक. आयुक्तांच्या एका परिपत्रकाने ती उद्यापासून अमलात येऊ शकते. सुरुवात तिथून करा आणि या पत्राचे उत्तर लेखी द्या.

आपले नम्र,
वसई-विरारचे नागरिक