फडावरची थंडी

मालवणहून बदलीवर रेणापूरला आलो तेव्हा जून होता. बॅगेत एकही स्वेटर नव्हता. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच ऐकून होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली, तर थेंब पडेना. तेल गोठून पांढरंशुभ्र झालं होतं आणि नऊ वाजून गेले तरी सुटलं नव्हतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. आमच्याकडं जानेवारीच्या पहाटे ते जरा दाटतं आणि उन्हं आली की मोकळं होतं.

समुद्र आपल्यासाठी काय करतो, हे मला समुद्र सोडल्यावर कळलं. दिवसभर साठवलेली ऊब तो रात्री हळूहळू परत देतो आणि दमट हवा ती धरून ठेवते. रेणापूर समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून जास्त आत, पठारावर. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दिवस मावळला की जमीन तापलेली असते ती भराभर निवते. दुपारी अंगावर शर्ट नकोसा वाटतो आणि पहाटे पारा १०-१२ अंशांवर, लाट आली तर त्याच्याही खाली. ओठ फुटले, टाचा उलल्या. रेणुकादेवीच्या देवळाकडं सकाळी फिरायला जायचा नेम मोडला.

सावरलं ते घरमालकीण मावशींनी. "पहाटं कशाला आंघोळ करायलाव साहेब? ऊन चढू द्या की," म्हणाल्या. टाचांना करडईचं तेल लावायला दिलं. ताटात बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी आली. मग एक वाकळ दिली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं टाचलेली, चांगली जड. त्या वजनाखाली पहिल्यांदा मला इथं गाढ झोप लागली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्यांच्या शेतात आंबील, भज्जी, उंडे जेवलो तेव्हा हिवाळा मला आवडूही लागला होता.

नंतर जानेवारीत कर्जाच्या पाहणीसाठी सकाळी सातला एका उसाच्या फडावर गेलो.

तालुक्यात निवाड्याला साखर कारखाना आहे, आजूबाजूलाही आहेत. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्या फडावरची टोळी बीड जिल्ह्यातली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या हिशोबानं मिळते. उसाची पानं दवानं निथळत होती. फडात शिरलेला माणूस दहा मिनिटांत कमरेपर्यंत भिजतो आणि ओल्या पानाची धार हातावर बारीक रेघा काढते. मी कानटोपी, मफलर, जाड जॅकेट घालून बांधावर उभा होतो.

एका बाईला विचारलं, थंडी वाजत नाही का? ती म्हणाली, "कामाला लागल्यावर कुठं वाजती? कोपीत वाजती. पहाटं."

कोपी बांधाच्या पलीकडंच होती. बांबूच्या कांबी वाकवून वर चटई आणि ताडपत्री टाकलेली. आत ताठ उभं राहता येत नाही. जमिनीवर पाचट, त्यावर पांघरुणं. विझत आलेल्या चुलीशी दोन लेकरं एकाच वाकळेत बसली होती. बायका तीन-साडेतीनला उठतात, कारण भाकरी थापून, अंधार आहे तोवर आडोशाला आंघोळ उरकायची असते. पाणी गार. उन्हं चढल्यावर आंघोळ करा, हा मला मिळालेला सल्ला त्यांच्या कामाचा नाही. उन्हं चढतात तेव्हा आडोसा राहत नाही आणि त्या फडात असतात. गाडी रात्री आली तर मोळ्या डोक्यावर घेऊन भरायला रात्रीच उठावं लागतं.

कामासाठी गाव सोडून थंडीत येणं मी बदलीच्या आदेशानं केलं, एकदा. हे लोक ते दरवर्षी करतात. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती हवीच होती. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे. टनामागं १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे, असं ठरलेलं आहे. त्या पैशातून आधी कोपीच्या जागी कोरडा, उभं राहता येईल असा निवारा आणि बायकांना बंद न्हाणी मिळावी, असं मला ठाम वाटतं. दर वाढला तरी पहाटेचं पाणी गारच राहतं.

हे सदर वाचणाऱ्यांत ऊस लावणारे पुष्कळ आहेत. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल, तर दारातला बंब पहाटे थोडा लवकर पेटवा आणि दोन घागरी जास्त तापवा. गोठ्यालगत चार ताडपत्र्यांची न्हाणी उभी करायला अर्धा दिवस पुरतो. तान्हं मूल असलेल्या बाईला रात्रीपुरती ओसरी द्या. घरात जुनी लुगडी पडून असतील, तर त्यांची वाकळ टाचून घ्या. टोळ्या मार्चपर्यंत तरी इथंच आहेत.