टाकीखाली दुसरी टाकी : यंदा नको



प्रयोगशाळेतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला ‘संप’ जोडावा, असा प्रस्ताव विज्ञान मंडळाच्या सभेत आला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. शाळेत संप! आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तिथे त्याला हडताल म्हणतात. त्यामुळे मुले का हसली ते आम्हाला जरा उशिराच उमगले.

हा संप म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटात ठेवायची काचेची दुसरी टाकी. वरचे पाणी काठावरून ओघळून नळीने खाली येते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, फेसासोबत घाण काढणारा स्किमर, सगळे खाली लपते. वरच्या पाण्याची पातळी हलत नाही आणि एकूण पाणी वाढते. एका माजी विद्यार्थ्याने खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे, म्हणजे पैशाची अडचण नाही. विश्वस्तांपैकी काहींचा आग्रहही आहे. तरी आमचे मत असे की यंदा हे करू नये.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत काय झाले ते बऱ्याच पालकांना ठाऊक नाही. नऊ दिवस शाळा बंद होती. माशांना खाणे घालण्याचे काम आम्ही चौकीदार काकांना सांगितले होते, पाण्याबद्दल काहीच सांगितले नाही. पाणी खाली गेलेले पाहून त्यांनी कॅनमधले खारे पाणी ओतले. समुद्रातले मासे, म्हणजे खारेच पाणी हवे, हा त्यांचा हिशेब चुकीचा कसा म्हणावा? पण हवेत उडून जाते ते नुसते पाणी, मीठ टाकीतच राहते. भर घालायची ती गोड्या पाण्याची. दोन क्लाउनफिशपैकी एक गेला आणि मऊ प्रवाळाचा एक झुपका आक्रसला तो अजून पुरता उमललेला नाही. चूक काकांची नव्हे, आमची.

संप असता तर हे टळले असते, असे सभेत म्हटले गेले. आठवीच्या मुलांनी फळ्यावर गणित मांडले. टाकी 120 सेंटिमीटर लांब व 45 रुंद, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी गेले. वाळू-दगड वगळता पाणी सुमारे 200 लिटर, क्षारता लिटरला 35 ग्रॅम. काहीच भर न घालता पातळी चार सेंटिमीटर उतरली तर क्षारता 39 च्या वर जाते. संपाचे 60 लिटर जोडून तेवढेच पाणी उडाले असे धरले, तरी ती 38 च्या वरच राहते. फरक एका ग्रॅमचा! वर खारे पाणी ओतले तरी दोन्हीकडे क्षारता पूर्ववत होत नाही.

संपाशिवाय प्रवाळ जगतच नाही, असेही नाही. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तीत समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढाच सरंजाम होता. अर्थात त्यांच्या हाताशी समुद्र होता. आपल्या इंदूरला 1978 पासून जलूदहून नर्मदा येते. तेच पाणी आरओतून काढून आपण पुडीचे मीठ कालवतो.

आता खरी भीती. टाकी पहिल्या मजल्यावर आहे आणि बरोबर खाली ग्रंथालय. आपल्या टाकीला छिद्र नाही, म्हणून काठावर अडकवायची, सायफनवर चालणारी पेटी बसवावी लागेल. वीज गेली की वरचे तीन सेंटिमीटर पाणी, म्हणजे सोळा-सतरा लिटर, खाली येणार. तेवढी जागा संपात ठेवता येते. उलटे झाले तर? सायफन तुटला आणि पंप चालूच राहिला, तर 60 लिटर वर चढणार. त्यासाठी वर अकरा सेंटिमीटर मोकळी जागा हवी, ती नाही. पंपाचा कप्पा पंधरा लिटरचा केला तर धोका पुष्कळ कमी होतो, हे मान्य. पण रविवारी रात्री हे पाहायला कोण असणार? आजोबा-पणजोबांनी जमवलेली मराठी पुस्तके खाली आहेत, त्यातली कित्येक पुन्हा मिळायची नाहीत.

संप आला की मासे वाढवू, हेही कानावर आले. जास्त पाण्यात घाण पातळ होते, नाहीशी होत नाही. आणि दगडी प्रवाळाचे नाव कोणी काढू नये; 2001 मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला आहे.

आमचे म्हणणे, देणगी राखून ठेवावी. पुढे टाकी बदलायची वेळ येईल तेव्हा छिद्र पाडलेली टाकी घेऊन ती तळमजल्यावर ठेवावी आणि तेव्हा संप जरूर जोडावा. तोवर काचेवर पातळीची लाल रेघ मारली आहे, शेजारी गोड्या पाण्याचा निळा कॅन आहे, आणि मुले रोज वहीत नोंद करतात. चौकीदार काकांना आठवीच्या दोन मुलींनी सारे नीट समजावले. आम्हीही मागे उभे राहून ऐकले.

मे महिन्याच्या सुट्टीत इथली कोरडी हवा दिवाळीपेक्षा जास्त पाणी ओढणार. विजय नगर परिसरातील ज्या पालकांना एक दिवसाआड येऊन रेघेपर्यंत पाणी घालणे जमेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.