एक पूर्ण मिनिट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली आता वर्गातून वॉर्डात येतील. कुणी अमरावतीच्या इर्विनला, डफरीनला, कुणी अकोल्याच्या सर्वोपचारला. बेडमेकिंग, स्पंजिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वसनाची नोंद) ही कामं त्यांच्या वाट्याला आधी येतात. ती सोपी समजून दिली जातात, हे आम्हाला खटकतं.

टीपीआर चार्टच बघा. ताप आणि नाडी रुग्णागणिक बदललेली दिसते, श्वसनाच्या रकान्यात मात्र अनेकदा ओळीनं 20, 20, 20. सगळ्या वॉर्डाचा श्वास एकाच गतीनं चालत नसतो. आकडा न मोजताच भरलेला असतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि श्वास बदलत नाही, मग पूर्ण मिनिट छातीकडे बघायचं, हे विद्यार्थिनी शिकून आलेली असते. वॉर्डात तिला ऐकू येतं, ‘वीस लिही न, पुढं चल.’

वऱ्हाडात ही घाई जिवावर बेतू शकते. फवारणीच्या हंगामात विषबाधेचे शेतकरी, मजूर दाखल होतात; 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात अशाच विषबाधेनं शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपण पाहिलंच आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या विषाचा पहिला धोका टळला, रुग्ण शुद्धीवर आला, नातेवाईक सुट्टी कधी म्हणून विचारू लागले, आणि नेमक्या याच काळात, साधारण 24 ते 96 तासांत, श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. रुग्णाला उशीवरून डोकं उचलता येत नाही, ही तिची एक लवकर दिसणारी खूण. डॉक्टर राउंडला येऊन जातात. हा बदल दिसतो तो खाटेजवळ वारंवार जाणाऱ्या माणसाला.

या विद्यार्थिनींतलीच कुणी उद्या धारणी-चिखलदऱ्याच्या उपकेंद्रात जाईल. तिथं हाताशी एक्स-रे नसतो. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. बाळ रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबायचं, अंगावरचा कपडा वर घ्यायचा, मग मोजायचं. तिथल्या कोरकू आईला धीर देण्यापुरते तिच्या भाषेतले चार शब्द आले, तर हे थांबणंही सोपं जातं.

मनुष्यबळ कमी आहे, हे आम्ही जाणतो. विद्यार्थिनींच्या भरवशावर वॉर्ड ओढले जातात, हेही. तरीही इन्चार्ज सिस्टरांना आणि ट्यूटरांना विनंती आहे: पहिल्या महिन्यात नव्या विद्यार्थिनीला थोडेच रुग्ण द्या आणि तिनं मोजलेला श्वास एकदा स्वतः मोजून पाहा. ‘सिस्टर, यांचा 28 येतोय,’ असं म्हणत ती धावत आली, तर तिच्यावर ओरडू नका. हातातलं काम ठेवून तिच्यासोबत खाटेपर्यंत जा.