केस काढण्याचा धंदा आणि कातडीची जबाबदारी

रमजानचा शेवटचा अशरा लागला की पाचोऱ्याच्या बाजारपेठेत कापडवाल्यांच्या बरोबरीने आणखी दोन धंद्यांची धांदल उडते. एक सलून आणि दुसरे मणियारी दुकान. सलूनमध्ये चाँदरातीला मध्यरात्र उलटून जाते, तर मणियारी दुकानात बांगड्या आणि मेंदीच्या कोनांसोबत एक वस्तू खालच्या आवाजात मागितली जाते. ती म्हणजे केस काढायची पावडर. नगरदेवळा, वरखेडी, पिंपळगाव हरेश्वरकडून आलेल्या बाया ती पुडी पिशवीच्या तळाशी टाकतात आणि झटकन निघून जातात. वापरायची कशी, हे कोणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. या दोन्ही धंद्यांत आपले सलमानी आणि मणियार बांधव पिढ्यान् पिढ्या आहेत, म्हणून चार शब्द स्पष्ट लिहिणे भाग आहे.

यात लाजण्यासारखे काही नाही. काखेतले आणि नाभीखालचे केस काढणे ही फितरतीच्या पाच गोष्टींत मोडणारी बाब आहे, आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आली आहे. चाळीस दिवसांपेक्षा जास्त जाऊ देऊ नये, ही मर्यादाही हजरत अनस यांच्या रिवायतीने सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. ज्या कामाची मुदतसुद्धा दीनने घालून दिली, त्या कामाचा माल विकणाऱ्याने तोंड उघडायला संकोच करावा, हे नवलच म्हणायचे.

आता या पावडरीत असते काय? स्वस्त पुडीत बहुधा बेरियम सल्फाइड असते. पाणी घातले की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. हा प्रकार नवा नाही. जुन्या हमामांत ‘नूरा’ नावाचा लेप वापरीत, तो चुना आणि हरताळ यांचा असे, आणि हरताळ म्हणजे सोमलाचाच एक प्रकार. चामड्याच्या धंद्यातील बांधवांना तर हे समजावून सांगायलाच नको. कच्चे कातडे चुना आणि सोडियम सल्फाइडच्या हौदात टाकले की त्यावरचे केस गळून येतात. पुडीतली पावडर माणसाच्या अंगावर तेच काम करते. केस ज्या द्रव्याचा बनलेला असतो त्यातले गंधकाचे बंध तोडून ती त्याचा लगदा करते. पण कातडीचा वरचा थर त्याच जातीच्या द्रव्याचा आहे, आणि पावडरीला केस कोणता व कातडी कोणती हे कळत नाही. फरक फक्त वेळेचा आहे. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा चार मिनिटे जास्त ठेवली की केसांनंतर कातडीची पाळी येते. मग आग होते, फोड येतात, काळे डाग पडतात, आणि लाजेपायी बाई कोणाला दाखवत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे ही पावडर पोटात गेली तर ते विष आहे. बेरियममुळे रक्तातले पोटॅशियम झपाट्याने खाली येते, हातपाय लुळे पडतात, श्वास आणि हृदय बंद पडू शकते. अशा विषबाधेच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. आपल्याकडे किराणा आणि मणियारी एकाच दुकानात असते, कित्येकदा एकाच फळीवर. पांढरी-करडी पावडर, साधी प्लास्टिकची पुडी, शेजारी खाण्याचा सोडा आणि मीठ! ही पावडर सुटी विकणे ताबडतोब थांबले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्या पाकिटावर हे नाही, तो माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दोन पैसे जास्त सुटतात खरे, पण काही विपरीत घडले तर पुडीवर नाव नसलेला कारखानदार कोणाला सापडायचा? सापडेल तो दुकानदार.

थायोग्लायकोलेटवर चालणाऱ्या क्रीम पावडरीपेक्षा सौम्य असतात, पण तत्त्व तेच. म्हणून प्रत्येक पाकिटाबरोबर मराठी आणि उर्दूत छापलेली एक चिठ्ठी द्यावी. आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. घड्याळ लावून वापरावी. जखमेवर, खरुजेवर किंवा नाजूक आतल्या भागावर लावू नये. भरपूर साध्या पाण्याने धुवावी. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. एका ए-फोर कागदात अशा आठ चिठ्ठ्या निघतात. जे गिऱ्हाईक तोंडाने विचारत नाही, ते घरी जाऊन वाचेल.

सलूनकडे वळू. १९९० च्या दशकात एड्सची धास्ती पसरली तेव्हापासून ‘नवीन ब्लेड लाव’ म्हणण्याची सवय गिऱ्हाइकाला लागली, हे चांगलेच झाले. परंतु ब्लेड बदलून काम संपत नाही. कावीळ ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. तो वस्तऱ्याच्या खाचेत राहतो, टॉवेलवरच्या रक्ताच्या डागात राहतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे तुरटीचा खडा. तुरटी रक्त थांबवते, छिद्रे आकसते, तिच्यावर आमचा राग नाही. पण तोच ओला खडा सकाळपासून चाळीस गालांवर फिरवायचा याला काय म्हणावे? तुरटीचे पाणी करून कापसाच्या नव्या बोळ्याने लावले तर खर्च शून्याच्या जवळपास आणि धोका संपला. वस्तरा साबणाने धुवून मग स्पिरिटमध्ये ठेवावा. सकाळी भरलेल्या वाटीतले गढूळ डेटॉलचे पाणी रात्रीपर्यंत कामाचे राहत नाही. आणि कारागिराने स्वतः कावीळ ‘बी’ची लस टोचून घ्यावी, कारण रक्ताशी रोज गाठ त्याचीच पडते.

केस काढल्यानंतरचा भाग मात्र आपल्या धंद्यात जवळजवळ नाहीच. वस्तऱ्याने केस दाट होतात, असे आपलेच कारागीर सांगतात. ते खरे नाही. तिरके कापलेले टोक राठ लागते, संख्या वाढत नाही. खरा त्रास वेगळाच आहे. जळगाव जिल्ह्याच्या मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो. ताज्या कापलेल्या कातडीवर घाम, जिनिंगची धूळ आणि घट्ट टेरिकॉट कपडा, मग केसतोड झालाच म्हणून समजा. उपाय अगदी साधे आहेत. केस वाढीच्या दिशेने कापावा, उलट नको. थंड पाण्याने धुवून टिपावे, घासू नये. अत्तर किंवा स्पिरिटयुक्त लोशन त्या दिवशी लावू नये. साधे खोबरेल किंवा सुगंध नसलेली क्रीम पुरेशी, आणि सैल सुती कपडा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी जपून वागावे, केसतोड वाढला तर डॉक्टरकडे जावे.

इथे आणखी एक खोड मोडली पाहिजे. पुरळ आले, खाज सुटली की दुकानदार एक ट्यूब पुढे सरकवतो आणि दोन दिवसांत गुण येतो. ती बहुधा स्टेरॉइडची असते. नायटा असेल तर तो दबतो आणि मग दुप्पट पसरतो, कातडी पातळ पडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकले, ते उगाच नव्हे. मणियारी दुकानात ती ट्यूब असणे हाच गुन्हा आहे.

आपल्या भगिनींसाठी यात रोजगार आहे. साखर, लिंबू आणि पाणी मंद आचेवर आटवून केलेले वॅक्स अरब घरांत फार जुने आहे, आणि साहित्य पाचोऱ्याच्या कोणत्याही किराण्यात मिळते. पडद्यात राहून घरातल्या एका खोलीत हे काम करता येते. मात्र वॅक्सची पट्टी एकीची दुसरीला वापरायची नाही, चटका आधी आपल्या मनगटावर पाहायचा. भुवया कोरण्याबाबत उलेमांचे मत ठाऊक आहेच, ज्या बहिणीला ते काम नको तिने पाटीवर तसे लिहावे. कमाई बुडत नाही.

भांडवलाचे म्हणाल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे धरले आहेत, त्यात न्हावीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दररोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. तारण लागत नाही. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमार्फत होते. आधार, बँकेचे पासबुक आणि मोबाईल घेऊन जावे, नाव आधारवर आहे तसेच पासबुकावर आहे ना हे आधी पाहून घ्यावे. ‘शेख’ पुढे की मागे, एवढ्यावरून आपले कितीतरी अर्ज परत येतात.